पोळा, वाशिम जिल्ह्यातील
पोळा : बैलांच्या कृतज्ञतापूजनाचा कृषिसण. वऱ्हाडातील वाशिम जिल्ह्यात (निर्मिती १९९८, तत्पूर्वी अकोला जिल्ह्याचा भाग) तो श्रावण अमावास्येस, म्हणजे पिठोरी अमावास्येस पाळतात. पश्चिम महाराष्ट्रात याच स्वरूपाचा बेंदूर आषाढात येतो. श्रावणाअखेर पेरणी व डवरणीची मोठी कामे उरकलेली असतात आणि जू ओढून बैलांचे खांदे सोललेले असतात. सणाचा आरंभ म्हणूनच खांदशेकणीने होतो. आदल्या दिवशी बैलांना न्हाऊ घालून त्यांच्या खांद्यांना हळद व तूप चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात.

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. शिंगे रंगवून त्यांवर बेगड लावतात; नवी वेसण, कासरा, घुंगरमाळ व झूल असा साज चढवितात. ज्याच्या घरी बैल नाही, तो मातीच्या बैलांची पूजा करतो. सायंकाळी गावाच्या वेशीजवळ आंब्याच्या पानांचे तोरण बांधून त्याखाली बैलजोड्या उभ्या करतात. तेथे झडत्या म्हटल्या जातात. झडती म्हणजे शंकर-पार्वतीच्या जयघोषाने संपणारी यमकयुक्त उक्ती. तीत नापिकी, सावकार, पुढारी यांच्यावरही टीका असते. एरवी पाटलासमोर तोंड न उघडणारा गडीही या वेळी मोकळेपणाने बोलतो. यानंतर मानाचा बैल तोरणाखालून जातो व पोळा ‘फुटतो’. मग बैल घरोघरी नेतात. गृहिणी त्यांना ओवाळून पुरणपोळी भरवितात. सोबतच्या गड्यास बोजारा (पैसे वा धान्य) मिळतो.

तोरणाखालील क्रम हा गावातील प्रतिष्ठेचा प्रश्न असल्याने त्यावरून तंटेही होत. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद रद्द झाले, तरी पोळ्याचा मान अनेक गावी त्याच घराण्याकडे राहिला.

दुसऱ्या दिवसाला कर म्हणतात. पूर्व विदर्भात त्या दिवशी मुले लाकडी बैलांचा तान्हा पोळा भरवितात.

नांगरणी व पेरणीसाठी ट्रॅक्टर आल्यापासून आणि सोयाबीनच्या लागवडीमुळे कडब्याची ज्वारी घटल्यापासून बैलजोड्या झपाट्याने कमी झाल्या आहेत. काही शेतकरी आता ट्रॅक्टर धुऊन त्याचीच पूजा करतात. पूजा होते, पण खांदशेकणीस खांदाच नसतो, आणि जोड्या मोजक्या असल्या की तोरणाखाली झडत्या म्हणणारेही थोडेच उरतात.