चिलार उपटताना ट्रॅक्टर मागे का उलटतो?

मंडळी, आपण राहतो भवानी पेठेत, पण आपल्यातल्या निम्म्या लोकांचं मन मोहोळ-अक्कलकोटकडच्या शेतात अडकलेलं असतं. तिथल्या बांधावर आज काय दिसतं? चिलार, म्हणजे वेडी बाभूळ. हे झाड मूळचं मेक्सिको आणि त्याखालच्या अमेरिकेतलं. १८७०च्या दशकात ते हिंदुस्थानात आणलं गेलं. शेंगा गोड, शेळ्या आवडीनं खातात, लेंड्यांतून बी पसरतं.

आता मिनी ट्रॅक्टर आल्यापासून अनेकांना वाटतं, एका दिवसात रान मोकळं करू. अंगठ्याएवढी झुडपं स्लॅशरनं कापता येतात, हे खरं. पण नुसतं कापलेलं चिलार मरत नाही. फुटव्याचे डोळे जमिनीखाली, खोडाच्या बुडाशी असतात. एक खोड कापलं की चार फुटतात. म्हणून बुडखा काढावा लागतो, आणि इथंच माणूस साखळी हातात घेतो.

इथं थोडं थांबू या, कारण प्रश्न जिवाचा आहे. इंजिन आस फिरवतं, आस चाकं फिरवतो. साखळी ताणली, बुडखा हलेना, चाकंही जमिनीत रुतून बसली. मग इंजिनाचं बळ जातं कुठं? ते नाहीसं होत नाही. चाक आसाभोवती फिरू शकत नसेल, तर ट्रॅक्टरचं धूडच आसाभोवती फिरू लागतं. पुढची चाकं उचलतात. नैयायिक विचारतात तसं आपणही विचारावं, की कारण नेमकं कोणतं? लोक म्हणतात ड्रायव्हर नवखा होता. आम्हाला ते उत्तर आळशी वाटतं. साखळी कुठं बांधली होती, ते आधी विचारा. टॉपलिंकला किंवा आसावर बांधली, तर ओढ उंचावरून बसते आणि तीच ट्रॅक्टरला मागे पाडते. खाली, ड्रॉबारला बांधली तर हा धोका पुष्कळच कमी होतो. पुढचं तोंड उचलल्यावर विचार करायला वेळ नसतो. सेकंदभरात खेळ आटोपतो. क्लच दाबायचा तो त्याआधी.

स्वीडननं १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर संरक्षक चौकट सक्तीची केली. पुढच्या काही दशकांत तिथले उलटून होणारे मृत्यू फार घटले. आपल्याकडे बरेच मिनी ट्रॅक्टर अजून उघडेच फिरतात. चौकट असेल तर पट्टाही लावायचा, नाहीतर माणूस बाहेर फेकला जातो आणि चौकट वर तशीच राहते.

तेव्हा आधी टिकावानं बुडाभोवती खणा, आडव्या मुळ्या तोडा, मग खालच्या गिअरमध्ये, हिसका न देता ओढा. मांडीएवढं खोड असेल तर सरळ जेसीबी बोलवा, भाडं परवडतं. टायरमध्ये काटे जातातच, तो खर्च धरूनच चाला. शहराच्या हद्दीत मात्र १९७५चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे, आधी परवानगी बघा.

आणि सगळंच झुडूप काढायचं, असंही नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. तो माळ गवताचा आहे, तिथं झाडी वाढणं हेच माळढोकाच्या मुळावर येतं. बोरी-हिवरांची गोष्ट वेगळी. ती आपल्या मातीतली, बांधावर राहू द्यावीत. चिलार मात्र शेंगा पिकायच्या आत काढावं, आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा एक फेरी मारावी. राहिलेल्या मुळांतून कोवळे फुटवे तेव्हा दिसतात, आणि ओल्या मातीत कुदळीनं सहज निघतात.