घड्याळाच्या नावाचा तांदूळ

आमच्या घरात तांदळाचे दोन डबे होते. एक लहान, ईदच्या पुलावाच्या लांब तांदळाचा. दुसरा मोठा, रोजच्या वरण-भाताचा. त्याला सगळे 'एचएमटीचा डबा' म्हणत. मी वर्षानुवर्षं तो भात खाल्ला, दुकानदाराकडे 'दहा किलो एचएमटी' मागितला. अब्बांच्या मनगटावर त्याच नावाचं किल्लीचं घड्याळ होतं. तरी घड्याळाचं नाव तांदळाला कसं मिळालं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. कविता लिहिणाऱ्याला शब्दांबद्दल एवढी तरी उत्सुकता असायला हवी होती. प्रश्न पडला तो जून २०१८ मध्ये. सकाळच्या वर्तमानपत्रात हा तांदूळ शोधणारा शेतकरी गेल्याची बातमी होती. आपण रोज ज्याचं खातो, त्या माणसाचं नाव आपल्याला त्याच्या निधनाच्या बातमीतून कळावं, याची त्या दिवशी लाज वाटली.

आज त्या माणसाविषयी बोलायचं आहे. त्यांचं नाव दादाजी रामाजी खोब्रागडे. गाव नांदेड. पण हे मराठवाड्यातलं नांदेड नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं हे लहानसं गाव. हा सगळा झाडीपट्टीचा मुलूख. जंगल, जुने मालगुजारी तलाव, ज्यांना तिकडे मामा तलाव म्हणतात, आणि धानाच्या बांध्या. दादाजी दलित कुटुंबातले. शिक्षण तिसरीपर्यंत. जमीन म्हणाल तर जेमतेम दीड एकर.

गोष्ट सुरू होते १९८३ साली. त्या काळी तिकडे 'पटेल ३' नावाचं धान बरंच पेरलं जाई. दादाजींच्या शेतातही तेच होतं. उभ्या पिकातून हिंडताना त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्यांवर पिवळसर झाक होती. अशी वेगळी लोंबी अनेकांना दिसते. कोणी ती भेसळ समजून उपटून टाकतो, बहुतेक जण बाकीच्या पिकाबरोबर कापून घेतात. दादाजींनी त्या तीन लोंब्या बाजूला काढल्या, जपून ठेवल्या आणि पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या. शेजारी जंगल, रानडुकरांचा उपद्रव. म्हणून ती एवढीशी लावणी शेताच्या मधोमध केली आणि भोवती काट्या लावल्या.

यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. म्हणून धानाचं गणित थोडं समजून घेऊ. धानाच्या फुलात नर आणि मादी असे दोन्ही भाग असतात. बहुतेक वेळा फुलाचा पराग त्याच फुलावर पडतो. त्यामुळे बापासारखा बेटा निघतो, जात सहसा बदलत नाही. पण कधी बीजातच आपोआप बदल घडतो, कधी वाऱ्याने दुसऱ्या जातीचा पराग येऊन पडतो. मग हजारो लोंब्यांत एखादी निराळी दिसते. ती चांगली की वाईट, हे पाहून ठरत नाही. पेरावं लागतं. उगवलेल्या रोपांत वेगळी निघतील ती काढून टाकायची, सारखी असतील तेवढ्यांचंच बी राखायचं, पुन्हा पेरायचं. असं अनेक हंगाम केल्यावर जात स्थिर होते. शास्त्रज्ञ याला निवड पद्धत म्हणतात. प्रयोगशाळेतला माणूसही हेच करतो. फक्त त्याच्याकडे नोंदवही असते, मदतनीस असतात आणि महिन्याचा पगार असतो.

मला एखादी ओळ खटकली तर मी ती एका रात्रीत दहा वेळा बदलू शकतो. पावसाच्या पाण्यावर धान घेणाऱ्याला वर्षातून एकच संधी मिळते. पऱ्हे टाकायचे, रोवणी करायची, कापणीची वाट पाहायची. चुकलं तर उत्तर पुढच्या वर्षी. दादाजींनी हे पाच वर्षं केलं. तेही दीड एकरात, जिथली प्रत्येक वीत घरच्या पोटासाठी हवी असते. १९८८च्या सुमारास त्यांच्या हाती एक नवं धान होतं. दाणा बारीक, उतारा चांगला, भात चवीला सरस.

पुढचं सगळं गावाच्या रीतीने झालं. शेजाऱ्यांनी बी मागितलं, दादाजींनी दिलं. तिकडे बी देणं म्हणजे विरजण देण्यासारखं. नाही म्हणायचं नसतं आणि भावही करायचा नसतो. एका मोठ्या शेतकऱ्याने ते चार एकरांत लावलं आणि धान बाजारात नेलं. व्यापाऱ्याने विचारलं, वाणाचं नाव काय? नाव नव्हतंच. त्या वेळी एचएमटी घड्याळांची चलती होती, मालही पहिल्या प्रतीचा होता. व्यापाऱ्याने तेच नाव ठोकून दिलं. तांदूळ विदर्भातून छत्तीसगड, मध्य प्रदेश, आंध्र-तेलंगणात गेला. त्याच्याबरोबर घड्याळाचं नाव गेलं, माणसाचं गावातच राहिलं.

१९९४ साली कृषी संशोधन केंद्राने दादाजींकडून हे बी नेलं. १९९८ साली कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' हा वाण प्रसारित केला. आम्ही बियाणं शास्त्रीय पद्धतीने शुद्ध केलं, असं विद्यापीठाचं म्हणणं. मूळ शोध माझा, त्याचं श्रेय मला मिळालं नाही, असं दादाजींचं म्हणणं. शुद्ध करणं हे कामच आहे, त्यात शंका नाही. पण शुद्ध करायला आधी काही सापडलेलं असावं लागतं.

मान नंतर मिळाला. २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. राज्य सरकारने कृषिभूषण केलं. २०१० साली 'फोर्ब्ज' मासिकाने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांना स्थान दिलं. पण मानाने चूल पेटत नाही. सोन्याचं म्हणून मिळालेलं सरकारी पदक अडचणीच्या वेळी सराफाकडे नेलं, तेव्हा ते सोन्याचं नसल्याचं कळलं. अखेरच्या आजारात अर्धांगवायू झाला, उपचारांसाठी मदतीचं आवाहन करावं लागलं. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीजवळच्या शोधग्रामच्या रुग्णालयात त्यांनी डोळे मिटले. वय ऐंशीच्या घरात होतं.

आपल्या देशात २००१ साली पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा झाला. शेतकऱ्याने तयार केलेला वाण त्याच्या नावे नोंदवता येतो. घरचं बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचाही हक्क त्याला आहे. फक्त कंपनीच्या छापाखाली ते विकता येत नाही. शेतकरीही वाण तयार करतो, हे या कायद्याने मान्य केलं. दादाजींनी पहिल्या तीन लोंब्या उचलल्या, त्यानंतर अठरा वर्षांनी.

गझलेच्या शेवटच्या शेराला मक्ता म्हणतात. त्यात कवी आपलं नाव गुंफतो. आपल्या संतांनीही अभंगाच्या शेवटच्या चरणात नाव ठेवलं. तो गर्व नसतो. हे मी म्हटलं आहे, याची जबाबदारी माझी, एवढंच त्यातून सांगायचं असतं. दादाजींच्या पहिल्या तांदळाला असा मक्ता मिळाला नाही. पण ते तिथे थांबले नाहीत. त्यांनी आणखी वाण काढले. काहींना गावाचं नाव दिलं : 'नांदेड ९२', 'नांदेड हिरा', 'विजय नांदेड'. आणि एका वाणाचं नाव ठेवलं 'डीआरके'. दादाजी रामाजी खोब्रागडे. तिसरी शिकलेल्या माणसाने आपल्या दाण्यावर केलेली ही सही.

एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. अब्बांचं घड्याळ माझ्या टेबलाच्या खणात आहे, किल्ली दिली तरी चालत नाही. मोठा डबा मात्र अजून महिन्याला भरावा लागतो. परवा नातीने विचारलं, "नाना, एचएमटी म्हणजे काय?" मी तिला घड्याळ दाखवलं नाही. नागभीड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची, तीन लोंब्यांची गोष्ट सांगितली. तुमच्याही घरी हा डबा असेल, तर जेवताना पोरांना एवढी गोष्ट जरूर सांगा.