दंडावरची खूण आणि पीएचडीची तीन वर्षं

कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात असो की शाहूवाडीकडच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, नवजात बाळाला बीसीजी टोचण्याची तऱ्हा एकच. गडद काचेच्या कुपीतली कोरडी पूड सलाइनमध्ये विरघळवायची आणि चार तासांत वापरायची. उरली तर फेकून द्यायची. डाव्या दंडावर बारीक सुई कातडीला जवळजवळ आडवी धरायची आणि ०.०५ मिलिलिटर लस कातडीच्या थरातच सोडायची. नीट सुटली तर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत, पांढुरका फुगवटा येतो. तो आला नाही तर सुई खोल गेली. काही आठवड्यांनी तिथे फोड येतो, पू होतो, खपली धरते. ‘त्याला काही लावू नका,’ असं आशाताई आईला बजावून सांगते. पुढे आयुष्यभर खूण राहते.

म्हणजे कातडीतून दिलेली क्षयाची लस ही काही उद्याची गोष्ट नाही. तरीही ‘त्वचेतून देण्याच्या नव्या क्षयलसी’ हा आज जगभर पीएचडीचा विषय आहे. त्यात नवं काय आणि कोल्हापूरसारख्या शहरातल्या विद्यार्थ्याला त्यातलं काय पेलेल?

बीसीजीचा जन्मच चिकाटीतून झाला. फ्रान्समधल्या लील शहरात काल्मेत आणि गेरँ यांनी १९०८ पासून गाईच्या क्षयाचे जंतू बैलाचं पित्त घातलेल्या बटाट्यावर वाढवायला घेतले. तेरा वर्षांत २३० वेळा जंतू नव्या बटाट्यावर घेतले, तेव्हा त्यांची रोग करण्याची ताकद गेली. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये पहिल्या बाळाला ही लस तोंडावाटे पाजली गेली. कातडीत टोचण्याची पद्धत पुढे स्वीडनमध्ये वॉलग्रेन यांनी रुजवली. भारतात बीसीजी १९४८ मध्ये आली.

लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून ती वाचवते, याबद्दल वाद नाही. प्रौढांच्या फुप्फुसांचं काय? तिथे तिचा कस लागला तो तमिळनाडूच्या चेंगलपट्टूमध्ये. १९६८ मध्ये सुरू झालेल्या या चाचणीत लाखो लोकांना लस टोचली गेली, पंधरा वर्षं पाठपुरावा झाला आणि प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयाला तिने अडवलं नाही असं निघालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२३ मध्ये जगात १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला आणि साडेबारा लाख दगावले. रुग्णांपैकी २६ टक्के भारतातले. नवी लस हवी ती मुख्यतः मोठ्या माणसांसाठी.

मग कातडीच का? कातडीत शरीराचे पहारेकरी दाटीने बसलेले असतात. लॅंगरहान्स पेशी आणि त्यांच्याखालच्या डेंड्रिटिक पेशी परक्या जंतूचा तुकडा उचलतात आणि जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन टी पेशींना दाखवतात. स्नायूत अशा पेशी फार कमी. म्हणून कातडीत लस कमी लागते. कुत्रं चावलेल्या माणसाला दोन्ही दंडांत ०.१ मिलिलिटर रेबीजची लस टोचतात ती याच हिशेबाने. २०१६ पासून बाळांना पोलिओची इंजेक्शनची लसही अशीच थोडी, कातडीत मिळू लागली.

साधनंही बदलली. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या कोविड लशीला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. ती सुईशिवाय, दाबाच्या बारीक झोताने कातडीत जाते. आयआयटी मुंबईत ‘शॉक सिरिंज’ ही तशीच सुईविना पिचकारी उंदरांवर तपासली गेली. गॅम्बियात गोवर-रुबेलाची लस सूक्ष्मसुयांच्या पट्टीतून बाळांना देऊन पाहिली. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. बीसीजीचा लेप दिलेल्या सूक्ष्मसुया अमेरिकेत २०११ मध्येच गिनीपिगांवर वापरून झाल्या होत्या.

इथवर वाचून कुणालाही वाटेल, की पट्टी तयार झाली म्हणजे लस झाली. क्षयाच्या बाबतीत तसं होत नाही. केपटाऊनजवळच्या वूस्टर भागात ११,६८० बाळांवर चाचणी झाली. निम्म्यांना बीसीजी नेहमीसारखी कातडीत टोचली, निम्म्यांना अनेक सुयांच्या ठशाने दिली. दोन वर्षांनी दोन्हीकडे क्षयाचं प्रमाण सारखंच. ठसा सोपा, पण संरक्षणात फरक शून्य.

त्याच भागात आणखी एक धडा मिळाला आणि त्याची सुरुवात एका प्रबंधातून झाली होती. ऑक्सफर्डमध्ये हेलन मॅकशेन यांनी १९९७ मध्ये पीएचडीसाठी क्षयाच्या लशीचा विषय घेतला. त्यातून एमव्हीए८५ए ही लस उभी राहिली. निरुपद्रवी केलेल्या विषाणूत क्षयजंतूच्या एका प्रथिनाचं जनुक बसवलेली ही लस बीसीजीनंतर कातडीत टोचायची. रक्तातल्या टी पेशी छान जाग्या होत होत्या. २,७९७ बाळांवर चाचणी झाली. २०१३ मध्ये निकाल आला आणि लशीने क्षयाला म्हणण्यासारखं अडवलेलं नव्हतं. मॅकशेन यांनी हा विषय सोडला नाही. मात्र त्या निकालाने सगळ्या क्षेत्राला एक गोष्ट कळली: क्षयापासून संरक्षण मिळालं हे रक्त तपासून सांगता येईल, अशी खात्रीची खूण अजून हातात नाही.

२०२० मध्ये माकडांवरच्या प्रयोगाने आणखी गुंता केला. तीच बीसीजी शिरेतून दिली तेव्हा दहापैकी नऊ माकडं वाचली. कातडीतून दिली तेव्हा असं काही झालं नाही. वाटेने फरक पडतो तो असा, आणि इथे तर कातडी हरली.

तरीही चाचणीत उतरलेल्या काही महत्त्वाच्या लसी कातडीतूनच जातात, पण त्यांची सगळी भिस्त आतल्या जंतूवर आहे. व्हीपीएम१००२ ही बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत घडलेली, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने पुढे नेलेली सुधारित बीसीजी. स्पेनच्या सारागोसा विद्यापीठाची एमटीबीव्हॅक माणसाच्या क्षयजंतूतली दोन जनुकं काढून बनवली आहे. भारत बायोटेकने २०२४ मध्ये भारतातल्या प्रौढांवर तिची चाचणी सुरू केली. तिसरी इम्युव्हॅक. तिचा जंतू दिल्लीत डॉ. जी. पी. तलवार यांनी कुष्ठरोगाच्या लशीसाठी शोधला होता. शेंडा पार्कची कुष्ठरोग्यांची वसाहत माहीत असलेल्या कोल्हापूरकराला हे नातं सांगायला नको. दोन्ही रोगांचे जंतू एकाच कुळातले. २०१९ मध्ये आयसीएमआरने इम्युव्हॅक आणि व्हीपीएम१००२ यांची चाचणी महाराष्ट्रासह सहा राज्यांत, रुग्णांच्या घरातल्या सुमारे १२,००० माणसांवर सुरू केली.

मग कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला यातलं काय पेलेल? इथल्या फार्मसी महाविद्यालयांत कातडीतून औषध देणाऱ्या पट्ट्या आणि जेल हे संशोधनाचे नेहमीचे विषय. सूक्ष्मसुया बनवायला लागणारं सामानही आटोक्यातलं: सिलिकॉनचा साचा, पाण्यात विरघळणारं पॉलिमर, साच्याच्या टोकापर्यंत द्रव ओढणारा निर्वात पंप. सुया कातडीत शिरतात का हे डुकराच्या कानाच्या कातडीवर पाहता येतं.

अडचण पुढे येते. लस टोचलेल्या प्राण्याला खऱ्या क्षयजंतूची लागण करून बघायचं, तर तिसऱ्या दर्जाची जैवसुरक्षा असलेली प्रयोगशाळा लागते आणि प्राण्यांची वेगळी सोय. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. बीसीजीचा जंतू साधारण वीस तासांत एकदा दुप्पट होतो. पट्टीत किती जंतू जिवंत उरले हे मोजायला वसाहती उगवेपर्यंत तीन-चार आठवडे थांबावं लागतं. सुकवताना किती मेले, फ्रीजबाहेर महिनाभरात किती मेले, अशा प्रत्येक प्रश्नामागे महिना जातो.

पण हेच प्रश्न इथे सुटण्याजोगे आहेत. बीसीजी ही जिवंत लस, कुपी फोडल्यावर चार तासांची धनी. फ्रीजबाहेर टिकणारी, एका बाळापुरती पट्टी निघाली तर खेड्यातल्या लसीकरणाच्या दिवशी उरलेली लस फेकावी लागणार नाही, आडव्या सुईचं कसबही लागणार नाही. उद्या एमटीबीव्हॅकसारखी जिवंत जंतूंची लस चाचणीत खरी उतरली, तर तिलाही असंच सुकवावं लागेल. मात्र सिनॉप्सिसमध्ये ‘संरक्षण’ हा शब्द घालण्याआधी गाईडने वूस्टरचे दोन्ही निकाल विद्यार्थ्यापुढे ठेवावेत आणि विषय जंतूंच्या जिवंतपणापुरता आखून द्यावा. लागणीची चाचणी करायची असेल, तर तशी प्रयोगशाळा असलेल्या संस्थेशी करार पहिल्याच वर्षी करावा लागतो. तिसऱ्या वर्षी त्याला वेळ उरत नाही.