दाराजवळची खुर्ची

लैंगिक अत्याचारातून गेलेल्यांचा आधारगट जिथं भरतो ती खोली दिसायला अगदी साधी असते. गोलात मांडलेल्या सहा-आठ खुर्च्या, पाण्याची बाटली, टिश्यूचा डबा. दाराला कडी लावलेली नसते आणि कोणती खुर्ची घ्यायची ते येणारीनंच ठरवायचं. बऱ्याच जणींना दार दिसेल अशीच जागा हवी असते. का, ते कुणी विचारत नाही.

या खोलीपर्यंत कुणी थेट पोहोचत नाही. आधी गट चालवणाऱ्या समुपदेशकांशी एकटीची भेट होते. त्या भेटीत घटनेचा तपशील फारसा विचारत नाहीत. प्रश्न असतात ते आजच्या दिवसाचे: झोप लागते का? जीव द्यावासा वाटतो का? तो माणूस अजून घरात येतो-जातो का? घाबरायला झालं तर काय करतेस? उत्तरं फार डळमळीत असली, तर आधी काही महिने एकटीची थेरपी आणि मग गट, असं सुचवतात. हा नकार वाटतो खरा, पण यामागे विचार आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ या पुस्तकात सावरण्याचे तीन टप्पे मांडले. आधी सुरक्षितता, मग आठवणींना सामोरं जाणं आणि जे गेलं त्याचा शोक, आणि शेवटी माणसांशी पुन्हा नातं जोडणं. कुटुंबातल्याच माणसानं अत्याचार केलेल्या स्त्रियांचे गट सहकारी एमिली शॅटझो यांच्यासोबत त्यांनी स्वतः चालवले होते. पहिला टप्पा गाळून दुसऱ्यात उडी मारली, तर जखम उघडी पडते आणि बांधायला हाताशी काहीच नसतं.

याच पहिल्या भेटीत आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, ती म्हणजे गुप्ततेची मर्यादा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं, की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि समुपदेशकाला त्यातून सूट नाही. हे आधी न सांगता मुलीला बोलतं करणारा समुपदेशक मला तरी भरवशाचा वाटत नाही. लहान मुलांच्या उपचारांची पद्धतही वेगळी आहे. साधारण बारा ते सोळा बैठका होतात आणि त्यांत मुलाच्या बाजूनं उभ्या असलेल्या पालकालाही सामील करून घेतात.

गटात सहसा दोन समुपदेशक असतात. एकीचं लक्ष बोलणारीकडे, तर दुसरीचं गप्प बसलेलीकडे. नियम पहिल्याच दिवशी ठरतात. इथलं इथंच राहील. न विचारता सल्ला द्यायचा नाही. कुणाचं दुःख मोठं, याची तुलना नाही. रडणारीच्या पाठीवर न विचारता हात ठेवायचा नाही. तिला टिश्यूसुद्धा लगेच पुढे करायचा नाही. हे ऐकून आपल्याकडे पुष्कळांना विचित्र वाटतं, पण पटकन पुढे आलेल्या टिश्यूचा अर्थ ‘आता पुरे’ असाही लागू शकतो. डबा मध्ये ठेवलेला असतो, ज्याचा त्यानं घ्यावा.

आणि सांगण्याची सक्ती? ती नसतेच. सुरुवातीच्या बैठका बहुतेक माहितीच्या असतात. ‘ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न बहुतेकींनी ऐकलेला असतो, निदान स्वतःला तरी विचारलेला असतो. धोका अंगावर आला की शरीर लढतं, पळतं किंवा गोठतं, आणि गोठणं हे ठरवून होत नसतं, हे तिथं समजावून देतात. जुनी आठवण आत्ताच घडत असल्यासारखी अंगावर धावून आली, तर तळपाय जमिनीवर दाबून खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, असले साधे उपायही शिकवतात.

मग गट जे करतो ते एकट्या थेरपीला सहजी जमत नाही. एखादी सांगते, ‘मी सात वर्षांची होते, मीच त्याच्याकडे खाऊ मागायला जायचे.’ समोरची चटकन म्हणते, ‘अगं, सात वर्षांच्या पोरीचा यात काय दोष?’ आणि बोलता बोलता थांबते, कारण तिचं स्वतःचं वयही तेव्हा तेवढंच होतं. स्वतःला वर्षानुवर्षं दिलेली शिक्षा दुसरीला द्यायला जीभ रेटत नाही. हे समुपदेशकानं शंभरदा सांगितलं तरी ‘यांचं कामच आहे ते’ म्हणून बाजूला सारता येतं. शेजारच्या खुर्चीतून आलेलं तसं सारता येत नाही.

आपल्याकडच्या गटात एक विषय हमखास निघतो: लग्नकार्य. अत्याचार करणारा मामा, काका किंवा आतेभाऊ असला, की हळदीला तो समोर दिसणार आणि वडीलधारे ‘पाया पड’ म्हणणार. इथं गट अगदी व्यवहाराला उतरतो. जायचंच का? गेलं तर सोबत कोण? पाया पडायच्या वेळी स्वयंपाकघरात निघून जायचं की सरळ ‘नाही’ म्हणायचं? आईनं डोळे वटारले तर? वाक्यं मोठ्यानं म्हणून पाहतात, कधी कधी हसूही येतं. पुढच्या आठवड्यात ती येऊन काय झालं ते सांगते.

पुरुषांसाठी असे गट फार कमी आहेत. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला होता आणि त्यांत मुलगेही भरपूर होते. ते मोठे होऊन कुठं बोलतात?

आधारगट शोधायचा कुठं, तर दिल्लीत ‘राही’ ही संस्था १९९६ पासून बालपणी अत्याचार झालेल्या प्रौढ स्त्रियांसोबत काम करते, मुंबईत ‘अर्पण’ आहे. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, मुलांसाठी १०९८. गटाची चौकशी करताना बैठका किती, हे जरूर विचारावं. शेवटची तारीख आधीपासून ठाऊक असलेला गट बहुधा बरा. इथं आलेल्या अनेकींच्या आयुष्यात माणसं न सांगता निघून गेलेली असतात. म्हणून निरोपालाही पुरेसा वेळ राखून ठेवतात, आणि शेवटच्या दिवशी प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकीत काय बदललेलं दिसलं ते तिचं नाव घेऊन सांगते.