विखंडन-निवारण, संगणक चकतीवरील

संगणकाच्या हार्ड डिस्कवर तुकड्यांच्या रूपात विखुरल्या गेलेल्या फाईली पुन्हा सलग जागेत मांडण्याच्या क्रियेस विखंडन-निवारण असे म्हणतात. व्यवहारात ही क्रिया ‘डीफ्रॅगमेंटेशन’ किंवा संक्षेपाने ‘डीफ्रॅग’ या नावाने परिचित आहे. घरगुती संगणकावर ती काही मिनिटांत पूर्ण होते किंवा कित्येक तास रेंगाळते. हा मंदपणा पुष्कळदा चकतीच्या रचनेतूनच उद्भवतो व निरुपद्रवी असतो. परंतु काही वेळा तो चकती निकामी होत असल्याची पूर्वसूचना असतो. अशा चकतीवर ही क्रिया नेटाने चालू ठेवल्यास तीवरील माहिती कायमची नष्ट होण्याचा संभव असतो. म्हणून मंदपणाच्या कारणांचे निदान हे विखंडन-निवारणाइतकेच महत्त्वाचे ठरते.

विखंडन कसे होते : हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय द्रव्याचा लेप दिलेल्या एक वा अधिक चकत्या एका आसाभोवती वेगाने फिरत असतात आणि हलत्या भुजेच्या टोकाशी बसविलेले शीर्ष त्यांवर माहिती लिहिते वा वाचते. चकतीचा पृष्ठभाग समकेंद्री पथांत व प्रत्येक पथ सेक्टर नावाच्या लहान भागांत विभागलेला असतो. परिचालन प्रणाली काही सेक्टरांचा मिळून एक गट (क्लस्टर) मानते आणि फाईलीस जागा गटांच्या हिशेबाने देते. नव्या चकतीवर फाईली एकापाठोपाठ एक लिहिल्या जातात. पुढे काही फाईली पुसल्या की, मधूनमधून जागा रिकाम्या होतात. नंतरच्या एखाद्या मोठ्या फाईलीस पुरेशी सलग जागा मिळाली नाही, तर तिचे तुकडे करून ते या रिकाम्या जागांत ठेवले जातात. आकाराने वाढत जाणाऱ्या जुन्या फाईलीचीही अशीच स्थिती होते. कोणता तुकडा कोठे आहे याची नोंद स्वतंत्र तक्त्यात असल्याने माहिती हरवत नाही; परंतु एखाद्या ग्रंथाचे खंड ग्रंथालयातील निरनिराळ्या कपाटांत ठेवले असता ते जमविण्यास जसा वेळ लागतो, तसा तो येथेही लागतो.

या वेळेचा अंदाज सहज करता येतो. मिनिटास ७,२०० फेरे करणाऱ्या चकतीच्या एका फेऱ्यास सु. ८.३ मिलिसेकंद लागतात; म्हणजे हवा तो सेक्टर शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, सु. ४ मिलिसेकंद, थांबावे लागते. शीर्ष योग्य पथावर नेण्यास सरासरी सु. ९ मिलिसेकंद लागतात. अशा रीतीने दूरच्या प्रत्येक तुकड्यामागे सु. १३ मिलिसेकंद खर्च होतात. सेकंदास १०० मेगाबाइट माहिती वाचणाऱ्या चकतीवरील १०० मेगाबाइटांची सलग फाईल सु. एका सेकंदात वाचून होते. तीच १,००० तुकड्यांत विखुरलेली असल्यास सु. १४ सेकंद लागतात.

ऐतिहासिक आढावा : आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये प्रचारात आणलेल्या रॅमॅक या संगणकाच्या चकतीसंचात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० चकत्या होत्या व त्यांवर सु. ५० लाख वर्ण साठविता येत. वैयक्तिक संगणकात हार्ड डिस्कचा प्रसार १९८० नंतर झाला. १९८३ मधील आयबीएम पीसी एक्सटी या संगणकात १० मेगाबाइट क्षमतेची चकती होती. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या एमएस-डॉस ६ या प्रणालीत १९९३ मध्ये विखंडन-निवारणाचा कार्यक्रम समाविष्ट झाला. विंडोज ९५ व विंडोज ९८ या प्रणालींत ही क्रिया चालू असता दुसऱ्या एखाद्या कार्यक्रमाने चकतीवर काही लिहिले की, ती पुन्हा आरंभापासून सुरू होई. त्यामुळे रात्रभर चालूनही ती अपुरी राहिल्याचा अनुभव अनेकांना येत असे. विंडोज व्हिस्टापासून (२००७) ही क्रिया ठराविक वेळी आपोआप होऊ लागली व ६४ मेगाबाइटांहून मोठे तुकडे जुळविण्याचा खटाटोप सोडून देण्यात आला. कारण एवढ्या मोठ्या तुकड्याच्या वाचनकालापुढे शीर्षाच्या एका हालचालीचा काल नगण्य असतो.

मंदपणाची कारणे : विखंडन-निवारण करणाऱ्या कार्यक्रमास प्रत्येक तुकडा मूळ जागेवरून वाचावा लागतो, तो नव्या जागी लिहावा लागतो व तक्त्यातील नोंद बदलावी लागते. तुकड्यामागे शीर्षाच्या अशा तीन हालचाली धरल्या, तर एक लाख तुकड्यांसाठी केवळ हालचालींतच एक तासाहून अधिक वेळ जातो. यास दोष म्हणता येत नाही. यापलीकडील कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

(१) रिकाम्या जागेची टंचाई : तुकडे तात्पुरते हलविण्यास मोकळी जागा लागते. विंडोज एक्सपी (२००१) प्रणालीतील कार्यक्रमास चकतीचा किमान १५ टक्के भाग मोकळा असणे आवश्यक होते. जागा अपुरी असल्यास एकच तुकडा अनेकदा हलवावा लागतो. (२) इतर कार्यक्रमांचा हस्तक्षेप : विषाणुप्रतिबंधक कार्यक्रम हलविल्या जाणाऱ्या फाईली तपासू लागतो, तर स्मृती अपुरी पडल्यास प्रणाली चकतीचाच पूरक स्मृतीसारखा उपयोग करते. दोन्ही वेळा शीर्षाची ओढाताण होते. (३) जोडणीतील दोष : विंडोज एक्सपीमध्ये माहितीच्या वहनात वारंवार चुका आढळल्यास प्रणाली जलद थेट वहनाऐवजी प्रक्रियकामार्फत होणारे संथ वहन स्वीकारी. तेव्हा वेगाची कमाल मर्यादा सेकंदास १०० वरून सु. १६.७ मेगाबाइटांपर्यंत खाली येई. सैल वा खराब केबल हे याचे एक कारण असे. (४) लेखनाची पद्धत : २०१३ पासून बाजारात आलेल्या काही चकत्यांत शेजारचे पथ छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर अंशतः चढविलेले असतात. एका पथावर नव्याने लिहिताना शेजारचे पथही पुन्हा लिहावे लागत असल्याने त्यांवर विखंडन-निवारण विशेष मंद होते. (५) चकतीचा ऱ्हास : सेक्टर दुर्बल झाला असता चकती तो पुनःपुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते. त्यामुळे क्रिया एकाच टक्केवारीवर दीर्घकाळ अडून राहते.

निदान व उपाय : पहिल्या चार कारणांनी केवळ वेळ वाया जातो, पाचव्यामुळे घरातील छायाचित्रे, हिशेब, पत्रव्यवहार इ. पुन्हा न मिळणारी सामग्री धोक्यात येते. क्रिया एकाच जागी अडणे, फाईली उघडताना त्रुटीचा संदेश येणे किंवा चकतीतून टकटक वा खरखर ऐकू येणे ही ऱ्हासाची लक्षणे होत. असा आवाज येऊ लागल्यास संगणक बंद करून तज्ञाकडे नेणे श्रेयस्कर असते. इतर लक्षणे दिसल्यास विखंडन-निवारण थांबवून सर्वांत मौल्यवान फाईलींची प्रत प्रथम दुसऱ्या साधनावर घ्यावी. कारण या क्रियेत चकतीचा मोठा भाग वाचला व लिहिला जातो आणि दुर्बल चकतीवर तो ताण अखेरचा ठरू शकतो. त्यानंतर चकतीने स्वतःच ठेवलेल्या आरोग्यनोंदी पहाव्यात. बदललेल्या व बदलण्याच्या प्रतीक्षेतील सेक्टरांची संख्या वाढत असल्यास चकती बदलणे हाच उपाय होय.

नोंदी समाधानकारक असल्यास फाईल व्यवस्थेतील चुका दुरुस्त कराव्यात, अनावश्यक फाईली पुसून पुरेशी जागा मोकळी करावी, इतर कार्यक्रम बंद करावेत व मगच क्रिया सुरू करावी. या क्रमाने पुष्कळदा उरलेला मंदपणाही आटोक्यात येतो. वीजपुरवठा अनिश्चित असल्यास अखंडित वीजपुरवठ्याचे साधन जोडणे इष्ट असते.

सद्यःस्थिती : हलते भाग नसलेल्या घनावस्था साठवण साधनांत (एसएसडी) कोणताही गट जवळजवळ सारख्याच वेळात वाचता येतो. शिवाय त्यांवर लेखन ठराविक वेळाच करता येत असल्याने नेहमीचे विखंडन-निवारण त्यांना निरुपयोगी व काहीसे हानिकारक असते. विंडोज ७ (२००९) प्रणालीने अशा साधनांवरील नियोजित विखंडन-निवारण बंद केले. विंडोज ८ पासून (२०१२) त्याऐवजी पुसलेल्या जागांची सूचना साधनास दिली जाते. त्यामुळे आपल्या संगणकातील साठवण साधन कोणत्या प्रकारचे आहे याची खात्री करून घेणे, ही या विषयातील पहिली पायरी ठरते.