रक्तवाहिन्यांचा लगाम

आपण झोपेतून उठून उभे राहतो तेव्हा सुमारे अर्धा लीटर रक्त गुरुत्वाकर्षणाने पोटाकडे व पायांकडे उतरते. तरीही सहसा घेरी येत नाही. मानेतील रोहिणीच्या भित्तिकेतील दाबसंवेदक लंबमज्जेला दाब उतरल्याची खबर देतात. तिथून अनुकंपी चेतातंतूंमार्फत आदेश सुटतो, रोहिणिका आकुंचन पावतात आणि दाब काही सेकंदांत सावरतो.

हा लगाम प्रथम सशाच्या कानात दिसला. १८५१ साली क्लोद बेर्नार यांनी सशाच्या मानेतील अनुकंपी चेतातंतू कापला. त्या बाजूचा कान लाल व गरम झाला. पुढच्याच वर्षी ब्राऊन-सेकार यांनी तो तंतू विजेने उद्दीपित करताच कान फिकट व थंड पडला. म्हणजे वाहिन्या विश्रांतीतही किंचित आवळलेल्या असतात.

थोडेसे आवळणेही महत्त्वाचे ठरते, कारण वाहिनीचा रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या १० टक्क्यांनी घटली तर रोध सुमारे दीडपट होतो. विद्यार्थ्यांना हे गणित जरूर करायला द्यावे.

मग दाब वाढल्यावर संवेदक तो उतरवत का नाहीत? दाब बरेच दिवस चढा राहिला की ते त्यालाच प्रमाण मानू लागतात. शरीराची तक्रार थांबते. म्हणून काही त्रास नसतानाही रक्तदाब मोजून घ्यावा लागतो. शिवाय मूत्रपिंडाकडे जाणारे अनुकंपी तंतू रेनिनचा स्राव वाढवतात व सोडियम रोखून धरतात. त्यामुळे चढा दाब टिकून राहतो.

मग हेच तंतू निकामी केले तर? रोहिणीतून नळी सरकवून तसे करता येते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत काही रुग्णांवर हा उपचार झाला, तर इतरांवर त्याचा केवळ देखावा. सहा महिन्यांनी वरचा दाब उपचारगटात सुमारे १४ मिलिमीटरने उतरला, पण देखाव्याच्या गटातही तो सुमारे १२ ने उतरला! पुढे सुधारित चाचण्यांत माफक पण खरा फायदा दिसला आणि २०२३ मध्ये अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली. तरीही तो औषधे, कमी मीठ आणि व्यायाम यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नव्हे.

तुलनेचा गट नसता, तर ते १४ मिलिमीटर सगळेच उपचाराच्या खात्यावर जमा झाले असते. वर्गात सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे.