अर्धांगवायु : ओळख व तातडीचा उपाय

एखाद्याचा हातपाय एकाएकीं लुळा पडला म्हणजे ‘त्याच्या अंगावरून वारें गेलें’ असें आपण म्हणतों. अर्धांगवायु हें ग्रंथांतील नांवही त्याच वळणाचें. नांवांत वारें आहे म्हणून उपायही वाऱ्याचेच सुचतात. दारें-खिडक्या बंद करावयाच्या, रोग्यास कांबळ्यांत गुंडाळावयाचें, कढत तेलानें अंग रगडावयाचें, आणि शेजारीं कोणी जाणता निघालाच तर कबुतर मारून त्याचें रक्त चोळावयाचें. आयुर्वेदांत ज्यास वात म्हणतात तो अंगावरून जाणारा वारा नव्हे, ही गोष्टही या धांदलींत कोणाच्या ध्यानांत राहात नाहीं. वस्तुतः बिघाड हातांतही नसतो आणि पायांतही नसतो. तो मेंदूस रक्त पुरविणाऱ्या वाहिनींत झालेला असतो. आणि त्यावर आज जो खरा उपाय आहे तो कांहीं तासांच्या आंत केला तरच लागू पडतो. हे तास पुष्कळदां रस्त्यांत जात नाहींत, घरांतच जातात. म्हणून ही माहिती शेतकरी बंधूंच्या हातीं आधींच असावी, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

बागाईत करणाऱ्यास हा रोग समजावयास कठीण नाहीं. विहिरीचें पाणी पाटानें येतें व पाटांतून वाफ्यावाफ्यांत फिरतें. पाटांत पाचोळा अडकला तर त्याच्या पलीकडील वाफे सुकतात. अलीकडचे हिरवे राहतात. पाटाचा कांठ फुटला तर पुढचे वाफे सुकतातच, शिवाय ज्या वाफ्यांत लोंढा शिरला तेथील रोपेंही आडवीं होतात. मेंदूंतील वाहिन्यांचें असेंच आहे. कधीं रक्ताची गुठळी वाहिनींत अडकते; कधीं वाहिनीच फुटते. पहिला प्रकार पुष्कळ अधिक. चार रोग्यांत सुमारें तीन किंवा त्याहून जास्तच या प्रकारचे असतात. फरक एवढाच कीं, मिरचीचें रोप पाण्याची एक पाळी चुकली तरी तग धरतें. मेंदूस रक्ताचा खंड मिनिटांचाही सोसत नाहीं. मोठी वाहिनी बंद पडली असतां दर मिनिटास सुमारें १९ लक्ष मज्जापेशी मरतात, असा हिशेब २००६ सालीं प्रसिद्ध झाला आहे. मेलेल्या पेशी पुन्हां जिवंत होत नाहींत. परंतु अडथळ्याभोंवतीं कांहीं भाग असा असतो कीं, तो कोमेजलेला असतो पण मेलेला नसतो. शेजारच्या वाहिन्यांतून झिरपणाऱ्या रक्तावर तो कांहीं काळ जीव धरून असतो. सारी धांवपळ करावयाची ती या भागाकरितां.

मेंदूच्या डाव्या भागाकडे शरीराच्या उजव्या बाजूचा ताबा असतो, व उजव्याकडे डाव्या बाजूचा. वाचेचें स्थान बहुतेकांत डावीकडे असल्यामुळें, ज्याचा उजवा हात गेला त्याची वाचाही जाण्याचा संभव फार.

आपले वडील-आजे घरींच तेल चोळीत बसत यांत त्यांचा दोष नव्हता. त्या काळीं वाट पाहिल्यानें कांहींच बुडत नव्हतें, कारण धांवून जाऊन मिळण्यासारखेंच कांहीं नव्हतें. जिवंत माणसाच्या कवटींत गुठळी आहे कीं रक्तस्राव, हें सहज पाहण्याचें साधन डॉक्टरांपाशींही नव्हतें. इंग्लंडांत हौन्सफील्ड यांनीं तयार केलेल्या सी. टी. स्कॅन यंत्रानें रोग्याच्या मेंदूचें पहिलें चित्र १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनमधील ॲटकिन्सन मोर्ले रुग्णालयांत घेण्यांत आलें. १९७९ सालीं त्यांस व कॉर्मॅक यांस या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. गुठळी विरघळविणारें औषध तीन तासांच्या आंत शिरेंतून दिल्यास उपयोग होतो, हें अमेरिकेंतील प्रयोगांनीं १९९५ सालीं दाखविलें. तीन महिन्यांनंतर कांहींच व्यंग न राहण्याचा किंवा नाममात्र राहण्याचा संभव औषध घेतलेल्यांत निदान ३० टक्क्यांनीं अधिक दिसला. २००८ सालीं युरोपांतील प्रयोगानें ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढविली. पुढें २०१५ पासून, मोठ्या वाहिनींतील गुठळी जांघेंतून बारीक नळी घालून ओढून काढण्याची क्रिया मान्य झाली. ती बहुधा सहा तासांच्या आंत करतात, आणि २०१८ नंतर निवडक रोग्यांत चोवीस तासांपर्यंतही करतात. मात्र ती मोठ्या शहरांतील कांहीं रुग्णालयांतच होते. चोवीस हा आकडा वाचून कोणीं निश्चिंत राहूं नये. तो निवडकांचा आहे; आणि साडेचार तासांतही पहिल्या तासांत दिलेलें औषध चौथ्या तासांतल्यापेक्षां पुष्कळ अधिक गुण देतें.

हेंच औषध वाहिनी फुटलेल्या रोग्यास दिलें तर घात होईल. गुठळीच्या रोग्यांतही शंभरांपैकीं सुमारें सहा जणांस मेंदूंत रक्तस्राव झाल्याचें त्याच १९९५ च्या प्रयोगांत आढळलें होतें. बाहेरून पाहून दोन्ही प्रकारांतील भेद खात्रीनें सांगतां येत नाहीं. म्हणून आधीं चित्र, मग औषध. ही एक गोष्ट समजली कीं पुढच्या पुष्कळ गोष्टी आपोआप समजतात. ज्या दवाखान्यांत सी. टी. स्कॅन नाहीं तेथें सलाइन लावून रात्र काढण्यांत अर्थ नाहीं. हृदयविकारांत ॲस्पिरिन देतात असें ऐकून ती गोळी घरींच देऊं नये. कवटींत रक्त वाहात असेल तर ती अपाय करील.

आतां ओळख. सर्व लक्षणांत एक खूण समान आहे, ती ‘एकाएकीं’ ही. मणक्याच्या विकारानें हात बहुधा हळूहळू निकामी होतो. हा रोग घटकेपूर्वीं धडधाकट असलेल्या माणसास गांठतो. आणि तो बहुधा दुखत नाहीं. दुखत नाहीं म्हणूनच फसगत होते. इंगळी चावली तर सारें घर जागें होतें. हात बधिर झाला तर माणूस कूस बदलून निजतो.

रोग्यास हंसावयास अगर दांत दाखवावयास सांगावें. तोंडाची एक बाजू वर जाते, दुसरी तशीच लोंबते. डोळे मिटून दोन्ही हात समोर उचलून धरावयास सांगावें; दहा अंक मोजीपर्यंत एक हात खालीं येऊं लागतो, किंवा उचललाच जात नाहीं. मग एखादें साधें वाक्य म्हणवून घ्यावें, आपलें गांव, तालुका, आजचा वार विचारावा. शब्द जड येतात, भलतेच येतात, किंवा येतच नाहींत. कधीं आपण बोललेलें त्यास उमगत नाहीं. यांपैकीं एक जरी खूण दिसली तरी पुरे. तिन्ही दिसण्याची वाट पाहूं नये. याशिवाय एका डोळ्यानें किंवा एका बाजूचें एकदम दिसेनासें होणें, भोंवळ येऊन तोल जाणें, प्यालेल्या माणसासारखे पाय पडणें, पूर्वीं कधीं दुखलें नाहीं असें डोकें एकाएकीं फुटूं लागणें, हींही याचींच लक्षणें होत. दारूवरून आठवलें : बाजाराच्या दिवशीं जीभ जड झालेला माणूस रस्त्याच्या कडेस बसलेला दिसला तर लोक हंसून पुढें जातात. न पिणाऱ्यावरही हा आळ येतो. आणि पिणाऱ्यास हा रोग होत नाहीं असें थोडेंच आहे?

माझ्या नोकरीचीं वर्षें तालुका कचेरींत गेलीं. वारसाच्या व वाटणीच्या नोंदी करतांना, चौघांनीं उचलून आणलेले खातेदार पुष्कळ पाहिले. जुन्या दस्तावर वळणदार सही, आणि आजच्या जबाबावर अंगठा. विचारपूस केली असतां हकीकत बहुधा एकाच सांच्याची निघे. त्यांतली एक सांगतों. ऊंस बागाईतदार, वय पन्नाशीच्या आंतलें. शेतीची वीज त्या आठवड्यांत रात्रीची असल्यामुळें पंप चालू करण्यास मळ्यांत गेला. नऊच्या सुमारास परत आला तों बोलणें अडखळत होतें, व हातांतली बॅटरी दोनदां खालीं पडली. घरांतून म्हणाले, थंडी बाधली. चहा दिला, तो तोंडाच्या कडेनें ओघळला. थोरला भाऊ म्हणाला, सकाळपर्यंत पाहूं. पहांटे उजवें अंग पार लुळें. सकाळीं गांवांतच एक सुई टोंचून झाली. दुपारीं शेजारच्या तालुक्यांत झाडपाल्याचें औषध देणारा नामांकित म्हणून तिकडे नेलें. जिल्ह्याच्या ठिकाणीं रुग्णालयांत पोंचले तेव्हां दिवेलागण झाली होती. अंतर पक्क्या सडकेनें सवा तासाचें, आणि दारांत स्वतःची जीप उभी. त्या घरांत पैसा होता, गाडी होती, माणसें होतीं. ‘चला’ म्हणणारें कोणी नव्हतें. वडीलधाऱ्यांस विचारल्यावांचून पाऊल उचलावयाचें नाहीं हा आपल्या घरांचा रिवाज चांगलाच आहे, पण या एका रोगांत तो बाजूस ठेवावा. सून असो, लेक असो, शाळेंतला मुलगा असो, ज्यानें प्रथम पाहिलें त्यानेंच १०८ क्रमांक लावावा.

ही रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ पासून व गोव्यांत २००८ पासून आहे. फोनवर ‘चक्कर आली’ असें मोघम सांगूं नये. एका बाजूची शक्ति गेली, तोंड वांकडें झालें, बोलतां येत नाहीं, आणि हें किती वाजल्यापासून, असें स्पष्ट सांगावें. गाडीस फार उशीर आहे असें कळल्यास मिळेल त्या वाहनानें निघावें, व वाटेंतून रुग्णालयास कळवावें.

वेळेबद्दल थोडें विस्तारानें लिहितों, कारण तींत घोटाळा होतो. डॉक्टर विचारतात तें, लक्षण केव्हां दिसलें एवढेंच नव्हे. रोगी शेवटचा धडधाकट केव्हां दिसला, हें. रात्रीं दहास नीट निजला व पहांटे पांचास उठला तों हात लुळा, तर घड्याळ दहापासून मोजतात. परंतु दोन वाजतां तो लघवीस उठून चालत गेलेला कोणीं पाहिला असेल तर दोनपासून मोजतात, आणि तेवढ्यानें औषधाची मुदत गेलेला रोगी मुदतींत बसूं शकतो. म्हणून ज्यानें पाहिलें तो साक्षीदार गाडींत बरोबर बसला पाहिजे, व वेळ कागदावर लिहिली पाहिजे. चालू औषधें पिशवींत घालून न्यावीं, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या व मधुमेहाच्या गोळ्या. अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल तर सांगावें. शिधापत्रिका व आधार कार्ड हाताशीं असल्यास जन आरोग्य योजनेच्या कामास सोईचें पडतें. पण कागद शोधण्याकरितां गाडी मिनिटभरही उभी करूं नये. ते मागून येतील.

तोपर्यंत तोंडांत कांहीं घालूं नये, पाणी नाहीं, चहा नाहीं, गोळीही नाहीं. गिळण्याची शक्ति मंदावलेली असते व घोट श्वासनलिकेंत उतरतो. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर निजवावें. रक्तदाबाची गोळी घरच्या घरीं देऊन दाब उतरवूं नये. अडलेल्या वाहिनीपलीकडे रक्त ढकलण्यासाठीं शरीरानेंच तो चढविलेला असूं शकतो, आणि तो किती उतरवावा हें चित्र पाहून डॉक्टर ठरवितात.

शेतकऱ्यानें दोन-तीन सारख्या दिसणाऱ्या गोष्टीही माहीत करून घ्याव्या. पावसाळ्यांत जमिनीवर निजलेल्यास मण्यार चावली तर दंशाची खूण व वेदना बहुधा नसतेच; पहांटे पोटांत दुखतें, दोन्ही पापण्या मिटूं लागतात, गिळतां-बोलतां येईनासें होतें. तेथें बिघाड दोन्ही बाजूंस सारखा असतो, अर्धांगांत एका बाजूस. मधुमेह्याची साखर एकदम उतरली तर हुबेहूब अर्धांगासारखें दिसूं शकतें. रुग्णालयांत बोटाच्या एका थेंबानें तें कळतें. फवारणीनंतर लाळ, घाम व बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या तर विषबाधा समजावी. निदान आपण करावयाचें नाहीं. यांपैकीं कोणतेंही असलें तरी गाडी रुग्णालयाकडेच वळली पाहिजे.

सर्वांत फसवी गोष्ट ही कीं, कधीं कधीं हात लुळा पडतो, बोबडी वळते, आणि दहा-वीस मिनिटांत सारें पूर्ववत् होतें. लोक देवाची कृपा म्हणून नारळ फोडतात व कामास लागतात. ही लहान गुठळी होती व ती सुटली, इतकेंच. त्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत मोठा झटका येण्याचा धोका सर्वांत अधिक असतो. म्हणून बरें वाटत असलें तरी त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

रोगाच्या मुळाशीं बहुधा चढलेला रक्तदाब असतो. मधुमेह, तंबाखू-मिश्री-विडी व हृदयाची अनियमित चाल हे त्याचे सोबती. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्यें १८६/१०८ भरला होता. १२ एप्रिल १९४५ रोजीं चित्रकारासमोर बसले असतां डोक्याच्या मागील बाजूस भयंकर दुखतें असें म्हणून ते कोसळले, दाब ३००/१९० वर गेलेला, आणि थोड्याच वेळांत मेंदूंतील रक्तस्रावानें त्यांचा अंत झाला. दाब नीट उतरविणारें औषध त्या वेळीं जगांत कोणापाशींच नव्हतें. आज तें प्राथमिक आरोग्य केंद्रांत मिळतें, आणि आमचे लोक डोकें दुखत नाहीं म्हणून गोळी सोडून देतात.

राहतां राहिली एक व्यवस्थेची गोष्ट. आपल्या गांवाहून सर्वांत जवळचें सी. टी. स्कॅन कोठें आहे, तें रात्रीं व रविवारीं चालू असतें कीं नाहीं, आणि गुठळी विरघळविणारें औषध तेथें देतात काय, हे तीन प्रश्न सभासदांनीं निवांतपणीं विचारून ठेवावे. उत्तरें फोन क्रमांकासह संस्थेच्या कचेरीस कळविल्यास चिटणिसांनीं तालुकावार यादी करून ती सोसायटींत व दूध संकलन केंद्रावर लावावी, अशी माझी विनंती आहे.